गिळलेला मणी

“मग आपण निघालोच कशाला?” अधियांबोनं विचारलं.

तालीम रंगात आली होती. चौथीच्या वर्गातली बाकं भिंतीला लावून आम्ही मध्ये जागा केली होती. मणी गिळलेल्या पोरीचं काम करणारी चिमुकली अकोथ फरशीवर पोट धरून लोळत होती आणि तिची आई झालेली अधियांबो एरंडेलाची रिकामी बाटली हातात घेऊन उभी होती. बाटली माझ्याच घरची. मी लिहून दिल्याप्रमाणे तिनं अकोथचं नाक दाबून एरंडेल पाजायचं, दुसऱ्या दिवशी मणी बाहेर पडायचा, दोघा भावांनी मिठी मारायची आणि सगळ्यांनी मिळून गाणं म्हणायचं. वर्ग हसून हसून बेजार झाला होता. ही एकटीच बाटली धरून थबकली होती.

“काय झालं? पाज की,” मी म्हटलं.

“मवालिमू, मणी बाहेर आला तर भांडण मिटलं. भांडण मिटलं तर सगळे तिथंच राहिले. मग आपण तिथून निघालोच कशाला?”

मवालिमू म्हणजे बाई, शिक्षिका. मुलं मला त्याच नावानं हाक मारायची.

“पुढच्या वर्षी दुष्काळ पडला म्हणून निघालो,” मी ठोकून दिलं.

“आजोबा असं सांगत नाहीत.”

“आजोबांना म्हणावं, नाटक मी लिहिलंय.”

तिनं मुकाट्यानं एरंडेल पाजलं, पण त्यात जीव नव्हता. नऊ वर्षांची पोर. आपलं पटलं नाही की खालचा ओठ आत ओढून घ्यायची. मला तिचा राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली, कारण तिचा प्रश्न बरोबर होता.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. आमचे हे वाळव्याकडच्या साखर कारखान्यात केमिस्ट होते. त्याच्या पाच वर्षं आधी केनियाच्या पश्चिमेला, व्हिक्टोरिया तलावापासून तासाभराच्या अंतरावर नवा कारखाना निघाला, तिकडे ह्यांना बोलावणं आलं. मी बीएड झालेली. कारखान्याच्या वसाहतीतच कामगारांच्या मुलांसाठी शाळा होती, तिथे मला घेतलं. बाहेर बघावं तर ऊसच ऊस, तांबडी माती आणि मळीचा वास. आपलं गाव कुणी उचलून तिकडे नेऊन ठेवलंय असं वाटायचं. फक्त माणसं वेगळी होती, आणि त्या माणसांबद्दल मला काडीचंही ठाऊक नव्हतं.

वर्गात बहुतेक मुलं लुओ लोकांची, काही लुह्या, दोनचार कालेंजिन. पहिल्या हजेरीला माझी फजिती झाली. ओटिएनो चार, ओन्यांगो तीन, अचिएंग पाच. ही काय भानगड, म्हणून मी हेडमास्तरांकडे गेले, तर ते म्हणाले, लुओंमध्ये मूल कुठल्या वेळेला जन्मलं त्यावरून नाव पडतं. रात्रीचा तो ओटिएनो, दुपारची ती अचिएंग, पाऊस पडताना झाली ती अकोथ. अधियांबो संध्याकाळची. त्या दिवसापासून हजेरी घेताना मला चाळीस बाळंतपणं डोळ्यांसमोर दिसायची.

माझ्याकडे समाजशास्त्र दिलं होतं. त्यात एक धडा होता, ‘आपले लोक कुठून आले’. पुस्तकात नकाशा आणि त्यावर बाण. लुओंचा बाण वरून, सुदानातून नाईल नदीच्या काठाकाठानं खाली येत तलावाशी थांबलेला. लुह्यांचा पश्चिमेकडून. कालेंजिनांचा डोंगरावरून. मी छडी घेऊन बाण दाखवले, मुलांनी वहीत उतरवून घेतले, आणि मला वाटलं, झालं शिकवून. तेवढ्यात एकानं विचारलं की लुओ नदी सोडून निघाले का. पुस्तकात ते नव्हतं. मी म्हटलं, घरी विचारून या, ज्याची गोष्ट चांगली असेल तिचं पालकांच्या मेळाव्यात नाटक करू. आपण न वाचलेल्या धड्याचा अभ्यास मुलांकडून करून घ्यायचा, ही शिक्षकांची जुनी युक्ती.

दुसऱ्या दिवशी अधियांबो उभी राहिली आणि तिनं गोष्ट सांगितली. नावं घराघरांत वेगळी असतात, म्हणाली, म्हणून नावं सांगत नाही.

दोघे भाऊ होते. एकदा शेतात हत्ती शिरला. धाकट्यानं हाताला आला तो थोरल्याचा भाला घेतला आणि फेकला. हत्ती भाल्यासकट पळून गेला. थोरला म्हणाला, माझा भाला दे. धाकट्यानं दुसरा देऊ केला, दहा देऊ केले. थोरल्यानं ऐकलं नाही. मला माझाच हवा. शेवटी धाकटा हत्तींच्या मुलखात गेला. किती महिने भटकला, उपाशी राहिला, मरता मरता वाचला, पण तोच भाला घेऊन आला. येताना एका म्हातारीनं दिलेले सुंदर मणी आणले. एक दिवस तो मणी ओवत बसला होता, तर थोरल्याची लहानगी पोर रांगत आली आणि तिनं एक मणी गिळला. धाकटा म्हणाला, माझा मणी दे. थोरल्यानं दुसरे देऊ केले. धाकटा म्हणाला, मला माझाच हवा. मग थोरल्यानं पोरीचं पोट चिरलं, मणी काढला आणि भावाच्या हातावर ठेवला. त्याच दिवशी दोघांनी आपापली माणसं आणि गुरं घेतली आणि दोन दिशांना निघाले. त्यातल्या एकाच्या वाटेवर आपण आहोत.

एवढं बोलून अधियांबो खाली बसली. मी म्हटलं, “छान,” आणि पाणी प्यायला बाहेर गेले.

मी बाहेर का गेले, ते सांगते. मला एक मुलगी होती. आहे. उज्ज्वला तिचं नाव, आम्ही उजू म्हणतो. आम्ही केनियाला निघालो तेव्हा ती अडीच वर्षांची होती, छाती नाजूक, महिन्यातून एकदा तरी ताप. डॉक्टर म्हणाले, तिकडे मलेरिया आहे, एवढ्यात नेऊ नका. सहा महिन्यांत येऊन नेऊ, असं म्हणून मी तिला थोरल्या जाऊबाईंच्या ओटीत घातलं. आम्ही त्यांना आक्का म्हणायचो. आक्कांच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. सहा महिन्यांचं वर्ष झालं. मग तिथल्या दवाखान्यात डॉक्टर नव्हता, मग आम्हाला क्वार्टर मिळालं नव्हतं, मग उजूची शाळा सुरू झाली होती. बघता बघता पाच वर्षं गेली. मध्ये एकदा सुट्टीत गेले, तर तीन आठवडे पोर आक्कांच्या पदराआडून माझ्याकडे बघत होती.

चौऱ्याऐंशी साली सगळ्या अडचणी एकदम संपल्या. दवाखाना झाला, चांगलं क्वार्टर मिळालं, शाळा तर माझीच. मी जूनमध्ये पत्र टाकलं, डिसेंबरात मी येते आहे, उजूला घेऊन जाईन. ह्यांनी सुताराकडून लहान पलंग करून घेतला आणि एका रविवारी बाह्या वर करून आतली खोली पिवळी रंगवली. मी कॅलेंडरवर काट मारत नव्हते, पण किती दिवस राहिले ते मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

अशा दिवसांत मला कुठल्या पोरीचं पोट चिरायचं नव्हतं. मुलं लहान आहेत, पालक येणार, हेडमास्तर काय म्हणतील, अशी कारणं मी स्वतःला दिली आणि घरी जाऊन नाटक लिहायला बसले. एरंडेलाची कल्पना सुचली तेव्हा मला माझंच कौतुक वाटलं. आमच्या घरी पोरानं काहीही गिळलं, बटण गिळो की चिंचोका, सासूबाई एरंडेलच काढायच्या.

तालमीच्या आठवड्यातच आक्कांचं पत्र आलं. आक्का दुसरी शिकलेल्या, त्यांना लिहायचा कंटाळा. अक्षर उजूचं होतं. मोठं मोठं, ओळ सोडून वर चढणारं. ‘आई सांगते ते लिहिते,’ अशी सुरुवात. ‘उजूला नुसतं दूध चालत नाही, त्यात हळद घालावी. उजूचा उजवा कान फुटतो, न्हाताना बोळा घालावा. उजू झोपल्यावर एक पाय पांघरुणाबाहेर काढते, तो आत घेऊ नये, जागी होते. उजू रागावली तर बोलत नाही, तिला बोलायला लावू नये, आपली आपण येते. तुमचं तुम्हाला द्यायला आम्हाला आनंद आहे.’ आणि खाली, कुणी न सांगता लिहिलेलं वाटावं असं, ‘मी बरी आहे. उज्ज्वला.’

‘आई सांगते’ यावर माझी नजर अडकली, आणि मी पहिल्यांदा चिडले. माझ्या मुलीचा कुठला कान फुटतो ते मला पोस्टानं कळत होतं. मी ह्यांना पत्र दाखवलं.

“चांगलं आहे की,” हे म्हणाले. “सगळं कळवलंय बिचारीनं.”

“आई म्हणते ती त्यांना.”

“मग काय म्हणेल? इथं आली की पंधरा दिवसांत विसरेल. मुलं फार लवकर विसरतात.”

“तेच तर,” मी म्हटलं, आणि पत्र कपाटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अधियांबो आजोबांना घेऊन आली. उंच, वाळका म्हातारा, एवढ्या उन्हात अंगात काळा कोट. ओगुटू त्यांचं नाव. वडीलधाऱ्या माणसाला तिकडे म्झे म्हणतात, म्हणून मी म्झे म्हणाले आणि आंब्याखाली खुर्ची दिली. किसुमू शहरात एका गुजराती दुकानात त्यांनी वीस वर्षं काढली होती. त्यांची मोडकी हिंदी आणि माझी मोडकी स्वाहिली मिळून आमचं चांगलं जमलं. शिपायानं चहा आणला. म्हाताऱ्यानं तो बशीत ओतून प्यायला, तेव्हा मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

“बाई, तुम्ही पोरीला औषध पाजलंत म्हणे,” ते म्हणाले.

“मुलं लहान आहेत, म्झे. पोट चिरलेलं कसं दाखवायचं?”

“मी हिच्याहून लहान होतो तेव्हा ऐकलं.”

“आमच्याकडच्या गोष्टीत असा प्रसंग आला की देव येतो सोडवायला.”

“आमच्याकडे कुणी आलं नाही.” त्यांनी बशी खाली ठेवली. “इतर कुठली गोष्ट असती तर मी आलो नसतो. तुम्ही मुलांना शिकवताय की आपण कुठून आलो. तुम्ही मणी बाहेर काढलात तर आम्ही अजून त्या नदीवरच बसलोय. ही पोर इथं नाही, मी नाही, हा चहाही नाही.”

अधियांबो शेजारी उभी होती. सांगितलं होतं की नाही, असा चेहरा.

मला वाद घालायची खोड आहे. मी म्हटलं, “बरं, मग चूक कुणाची ते तरी सांगा. भाला मागणाऱ्याची की मणी मागणाऱ्याची? मुलं मला विचारतील.”

म्हाताऱ्यानं बशी पुसून कपावर उपडी घातली. “भाला ज्याचा होता त्यानंच मागितला. मणी ज्याचा होता त्यानंच मागितला. दुसऱ्याचं कुणीच मागितलं नाही, बाई. म्हणून तर त्यांना कुणाला अडवता आलं नाही.”

मी शिपायाला आणखी चहा आणायला सांगितलं.

“तुम्हाला मुलं किती?” त्यांनी विचारलं. एवढं झाल्यावर म्हातारी माणसं जे विचारतात तेच.

“एक मुलगी. देशात असते. माझ्या मोठ्या जावेकडे.”

“म्हणजे मोठ्या आईकडे.” त्यांच्यातही तसंच म्हणतात. “जावेला स्वतःची किती?”

“नाहीत.”

“हं,” ते म्हणाले.

“डिसेंबरात जाते आहे आणायला. आता सगळी सोय झालीय. शेवटी माझीच आहे ती.”

“हो, तुमचीच आहे,” म्हातारा म्हणाला आणि दुसरा चहा बशीत ओतू लागला. त्यांच्या मनात काहीच नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. मला काही शिकवायला ते आले नव्हते. त्यांना नातीचं नाटक दुरुस्त करून हवं होतं, एवढंच. पण मी तिथून उठले ती पुढचा तास न घेताच घरी गेले.

संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. हे पलंगाच्या पायाला पॉलिश करत होते.

“तुझं म्हणणं काय? आणू नये पोरीला?”

“असं कुठं म्हटलं मी?”

“मग गोष्ट काय डोक्यात घेऊन बसतेस? आपली पोर आपण आणतोय. कुणाचं ओरबाडत नाही.”

“नाही, ओरबाडत नाही.”

“वहिनींनाही पटलंय. लिहिलंय ना, आनंद आहे म्हणून.”

“लिहिलंय,” मी म्हटलं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी वर्गात गेले आणि एरंडेलाची बाटली पिशवीत टाकली. म्हटलं, आजोबा सांगतात तसंच करू. पोट चिरायचं कसं दाखवायचं ते तुम्हीच ठरवा. मला वाटलं होतं मुलं गोंधळतील. अधियांबोनं पाच मिनिटांत सांगितलं. मागे एक चादर टांगू, मी अकोथला उचलते, चादरीमागे नेते आणि एकटीच परत येते. येऊन मणी देते.

“गोष्टीत बाप चिरतो ना?” मी विचारलं.

“हो. पण आणून आईच देते. आजी असं सांगते.”

मैदानावर दीडदोनशे माणसं जमली होती. लुह्यांच्या मुलांनी नाच केला, कालेंजिनांनी गुरांचं गाणं म्हटलं, टाळ्या पडल्या. मग आमचं नाटक. भाला मागताना लोक हसत होते, एकमेकांना कोपरानं ढोसत होते, कारण गोष्ट सगळ्यांना ठाऊक. मग अकोथनं मणी गिळला आणि हसू थांबलं. धाकटा झालेला पोरगा हात पुढे करून उभा राहिला. “मला माझाच हवा,” तो म्हणाला. अधियांबोनं अकोथला कडेवर घेतलं, दोन पावलं चालली, थांबली. माझ्या नाटकात किंवा तालमीत हे थांबणं नव्हतं. तिनं पोरीच्या अंगावरचा फ्रॉक सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि मग ती चादरीमागे गेली. परत आली तेव्हा ओंजळ पुढे धरलेली होती. तिनं मणी त्याच्या हातावर ठेवला. त्यानं मूठ मिटली. मग मुलांच्या दोन रांगा झाल्या आणि एक उसाच्या बाजूला, एक रस्त्याच्या बाजूला, अशा मागे न बघता चालत गेल्या.

पुढच्या ओळीत बसलेल्या म्हाताऱ्या बायका रडत होत्या. उघडपणे, मयताला रडतात तसं, मान हलवत. किती पिढ्यांपूर्वी गेलेलं पोर, पण त्यांच्या घरातलं होतं. मला वाटलं, या बायकांना ही गोष्ट लहानपणापासून माहीत आहे, तरी दर वेळी ती पोर वाचेल असं त्यांना वाटत असणार. मी रडले नाही. मी मूठ मिटलेल्या त्या पोराकडे बघत होते. त्याला त्याचा मणी मिळाला होता आणि त्याचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

डिसेंबरात मी एकटीच निघाले. गाळप चालू असल्यामुळे ह्यांना रजा नव्हती. विमानतळावर सोडताना हे म्हणाले, “दोघी या.” मी मान हलवली. विमानात, मग मुंबईहून गावाकडे येणाऱ्या एसटीत, मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनाशी म्हणत होते. मी काही वाईट करत नाही. पाच वर्षं मी उपाशी राहिले आहे. तिचा वास मला आठवत नाही, तो मला हवा आहे. तिची वेणी मला घालायची आहे. हे सगळं खरं होतं. आजही त्यातला एक शब्द मला मागे घ्यावासा वाटत नाही.

घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. आक्कांनी दारातच माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. “वाळलीस गं,” म्हणाल्या. त्यांचेच डोळे खोल गेले होते. उजू सोप्यात घडवंचीजवळ उभी होती. नवा फ्रॉक, दोन वेण्या, रिबिनी, डोक्याला तेल. बघायला येणार म्हणून एखादीला तयार करतात तशी. तिच्याजवळ जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं होतं. मी बॅग आणली होती, पण आक्कांनी वाट बघितली नव्हती.

उजू येऊन माझ्या पाया पडली आणि पुन्हा गाठोड्याशी जाऊन उभी राहिली.

“तिला सांगून ठिवलंय,” आक्का म्हणाल्या, “रडायचं न्हाई. तिकडं मोठी शाळा हाय, ईमान बघाय मिळंल.”

“मी रडत नाही,” उजू म्हणाली. खरंच रडत नव्हती.

“परवाला निघायचं म्हनलीस न्हवं? तिचा दाखला काढलाय. कानाचं औषध बांधलंय. दोन पांघरुणं घातल्यात, तिकडं थंडी असती का नसती, म्हाईत न्हाई.”

“आक्का, बसा की.”

“बसून काय करू? बसलं की बसवत न्हाई.” मग त्या चुलीकडे बघत म्हणाल्या, “तुझी हाय, तुला दिली. माझं काय न्हाई. मी काय मागं घेत न्हाई.”

मी उजूकडे बघितलं. तिनं एका हातानं फ्रॉकची घडी सारखी केली, मग रिबीन चाचपली. सगळं जागच्या जागी आहे ना, ते बघत होती. मला कुणी विचारेल की त्या क्षणी काय झालं, तर सांगता येणार नाही. मी ठरवून काही आले नव्हते. ठरवलं होतं ते न्यायचंच. पण आक्का देत होत्या, हू की चू न करता, ओंजळ पुढे धरून देत होत्या, आणि मला फक्त हात पुढे करायचा होता. तो मला करता आला नाही.

“मी तिला न्यायला आले नाही, आक्का,” मी म्हटलं.

आक्का वळल्या. “काय म्हनलीस?”

“सुट्टीला आलेय. बघायला. महिनाभर राहीन आणि जाईन.”

“पत्रात तर लिवलं होतंस.”

“लिहिलं होतं.”

“आन् दाजी? त्येंनी खोली रंगीवली म्हनं.”

“त्यांना मी सांगेन.”

आक्का माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या हसल्या नाहीत, माझा हात धरला नाही, काहीच नाही. एवढंच म्हणाल्या, “मनापासनं म्हनतीस का तोंडदेखलं? नंतर मागशीला तर मला पुन्यांदा जमायचं न्हाई. एकदा बांधलं तवाच कळलंय मला.”

“नाही मागणार.”

मी उंबऱ्याशी टेकून उभी राहिले. माझं मूल माझ्यापासून चार पावलांवर होतं आणि इतकं लांब ते समुद्रापलीकडेही कधी नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की हे खोटं आहे, मला ती हवी आहे, मला दुसरं काही नको.

उजूनं आधी आक्कांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “म्हणजे मी जायचं नाही?” तिनं विचारलं. आक्कांनी माझ्याकडे बोट केलं. ते मलाच सांगायला लावलं त्यांनी, आणि ते बरोबरच होतं.

“नाही, बाळा. नाही जायचं.”

“मग हे सोडू?”

“सोड.”

ती गुडघ्यांवर बसली आणि गाठोड्याला भिडली. एवढ्या आनंदात मी तिला कधी पाहिलं नव्हतं, मागच्या सुट्टीतल्या एकाही दिवशी नाही. जीभ बाहेर काढून ती नखांनी ओढत होती, दातांनी ओढत होती. आक्कांनी गाठ फार आवळून मारली होती, तिच्यानं ती सुटेना. तिनं वर बघितलं. आक्का डोळ्याला पदर लावून परसात गेल्या होत्या, जवळ मीच होते.

मी तिच्याशेजारी खाली बसले, आणि ती गाठ मी सोडून दिली.